कोपरे बघत चाला

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे पावणेचार. बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रातल्या एका शेडमध्ये तुमची तिसरी पाळी चालू आहे. डोक्यावर सिमेंटचे पत्रे, खाली ओळीनं मांडलेल्या लेथ, टोकाला पॉवर प्रेस. प्रेसच्या प्रत्येक ठोक्याला पायाखालची फरशी थरथरते आणि ती थरथर तुमच्या अंगवळणी पडली आहे. तुम्ही मेंटेनन्सला. कुठल्या मशीनचा फाउंडेशन बोल्ट ढिला झालाय, कुठलं ग्राउटिंग फुटलंय, हे तुम्हाला तळपायानं कळतं.

तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी इथून साडेपाचशे किलोमीटर उत्तरेला जमीन हादरते. लाटा इथवर यायला दोन-तीन मिनिटं पुरतात. बंगळुरूत, मद्रासेत, हैदराबादेत आणि मुंबईत त्या पहाटे धक्का जाणवल्याची नोंद आहे. प्रेसच्या ठोक्यांत तुम्हाला मात्र तो वेगळा ओळखू येत नाही. शहराच्या उत्तरेला गौरीबिदनूरला भाभा अणुसंशोधन केंद्राची भूकंपमापकांची रांग १९६५पासून उभी आहे. जगात कुठं अणुचाचणी झाली तर जमिनीतून तिची चाहूल लागावी म्हणून ती बसवली. माणसाला कळतं ते सकाळी, पाळी सुटल्यावर, टपरीवरच्या रेडिओतून. लातूर. उस्मानाबाद. किल्लारी. सास्तूर.

तुमचं गाव औसा तालुक्यात आहे.

आज यशवंतपूरहून लातूरला थेट रेल्वे जाते. १९९३ साली लातूरला पोचणारी रेल्वे म्हणजे कुर्डुवाडीहून येणारी बार्शी लाइटची नॅरोगेज. म्हणून तुम्ही मॅजेस्टिक स्थानकावर जाता, मिळेल त्या गाडीनं सोलापूर गाठता, तिथून तुळजापूर, पुढं औसा. एसटीत कुणी फारसं बोलत नाही. भूकंपाच्या आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं. लोक नाचून दमून घरी आले आणि गाढ झोपले, एवढं एकच वाक्य पुन्हा पुन्हा कानावर येतं.

किल्लारीत काय झालं ते सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. सुमारे आठ हजार माणसं गेली. तीस हजारांच्या आसपास घरं भुईसपाट झाली. भूकंपाचं मान सहा पूर्णांक दोन. जगाच्या हिशेबात हा काही राक्षसी भूकंप नव्हे. इतकी माणसं मेली ती घरांखाली सापडून. १९९२च्या पावसाळ्यापासून किल्लारीच्या लोकांना जमिनीखालून गडगडाट ऐकू येत होता, ऑक्टोबरात धक्केही बसले होते. पण सरकारी नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता आणि तो नकाशा सगळ्यांना धीर देत होता. हे इतकंच सांगून मी तुम्हाला तिथून पुढं नेतो, कारण मला तुम्हाला न पडलेल्या गावात न्यायचं आहे.

तुमचं गाव पडलेलं नाही. किल्लारीपासून पंचवीस-तीस किलोमीटर. वेशीतून आत शिरताना सगळं जागच्या जागी दिसतं: पार, मारुती, पिठाची गिरणी. फक्त माणसं घरात नाहीत. चुली अंगणात मांडल्यात, म्हातारी माणसं बाजेवर उघड्यावर, लेकरं बैलगाडीखाली. रात्री कुणी छताखाली झोपत नाही. दिवसा बायका धावत आत जातात, डबा नाहीतर पातेलं उचलतात आणि तशाच धावत बाहेर येतात. कुणाचं तरी ताट हातातून पडतं आणि अख्खी गल्ली उठून उभी राहते.

आता जरा चाला. सवयीप्रमाणे हादरा वाचत चाला.

पहिल्या गल्लीच्या तोंडाशी एक जुनं घर आहे, काळ्या दगडाचं, भिंती अडीच-तीन फूट रुंद. लहानपणी तुम्ही याच भिंतीच्या कोनाड्यात गोट्या लपवल्यात. कोपऱ्याशी थांबा. दोन भिंती जिथं एकमेकींना भेटतात तिथं वरपासून खालपर्यंत उभी चीर गेली आहे. वर ती इतकी रुंद आहे की हात आत जावा. घाला हात. आत दगड लागत नाही, भुगा लागतो: पांढरी माती आणि दगडाच्या चिपा. तीन फुटांची भिंत म्हणजे तीन फूट दगड असं तुम्ही आजवर समजत होता. ती खरं तर दोन भिंती आहे. बाहेरची एक फळी, आतली एक फळी, दोन्हीही वेगवेगळ्या रचलेल्या, आणि मधे माती-चिपांचा भराव. बाहेरच्या दगडाला आतला दगड माहीतच नाही. दोन्ही फळ्यांना आरपार बांधणारा एकही लांब दगड नाही. शेडमध्ये दोन प्लेटा समोरासमोर उभ्या करून त्यांत बोल्टच न घालण्यासारखं हे आहे. जमीन हलली की दोन्ही फळ्या आपापल्या दिशेनं पडतात.

दोन घरं सोडून पुढं जा. इथं चीर नाही, पण भिंतीला पोट आलंय. मधोमध बाहेरची फळी फुगून गल्लीत झुकली आहे. घराचा मालक म्हणतो, “तडा न्हाई गेला आमच्या घराला, देवाची कृपा.” तुम्ही काही बोलत नाही. चिरेपेक्षा हे पोट वाईट आहे हे तुम्हाला दिसतं, कारण आतली माती खाली बसली आहे आणि दगड बाहेर निघायला टेकले आहेत.

तिसऱ्या घराची एक अख्खी भिंत गल्लीत पडली आहे, पण छप्पर जागेवर. आत सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या. सगळा सांगाडा तसाच उभा. भिंत पडली तरी वरचं मातीचं माळवद खाली आलं नाही. आत झोपलेली सहाही माणसं वाचली, ती खांबांमुळं. चालताना ही नोंद मनात ठेवा, पुढं लागेल.

१९९३च्या उरलेल्या महिन्यांत आणि १९९४ सालात गावात फारसं काही दुरुस्त होत नाही. पत्रे येतात, ताडपत्र्या येतात, सर्वेक्षणवाले येतात, घरांवर रंगानं आकडे टाकून जातात. तेव्हाचे मुख्यमंत्री शरद पवार भूकंपग्रस्त भागात तळ ठोकून बसले होते, जिल्हाधिकारी प्रवीण परदेशी रात्रंदिवस कामात होते, जागतिक बँकेच्या कर्जातून महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन प्रकल्प उभा राहिला. त्यात गावांची वर्गवारी झाली. बावन्न गावं नव्या जागी वसवायची. काही जागच्या जागी बांधायची. आणि बाकीची, म्हणजे तेरा जिल्ह्यांतली अडीच हजारांच्या आसपास गावं आणि त्यांतली दोन लाखांच्या घरातली घरं, यांचं फक्त ‘दुरुस्ती व बळकटीकरण’ करायचं. तुमचं गाव या शेवटच्या गठ्ठ्यात. वर्तमानपत्रांना रस त्या बावन्नांत होता. मला विचाराल तर या भूकंपातलं सर्वांत मोठं, सर्वांत अवघड आणि सर्वांत दुर्लक्षित काम या शेवटच्या गठ्ठ्यात होतं.

चला, १९९५च्या उन्हाळ्यात या.

सकाळचे सात. गल्ली पांढऱ्या मातीच्या ढिगांनी भरली आहे. माणसं माळवदावर चढून कुदळीनं माती उकरतायत, घमेली खाली येतायत. धुरळा इतका की समोरचा माणूस दिसत नाही. ही माती वर किती होती ते बघा. कुणाच्या घरावर दीड फूट, कुणाच्या दोन, एका जुन्या वाड्यावर त्याहून जास्त. पाऊस गळू लागला की पावसाळ्याआधी एक थर टाकायचा, ही पिढ्यांची रीत. बापानं टाकला, मुलानं टाकला. काढला कुणीच नाही. तुम्ही मनातल्या मनात हिशेब करता: दहा बाय दहाची खोली, वर दोन फूट माती, दोनशे घनफूट. वजन नऊ टनांच्या आसपास. पीण्यात नऊ टनांचं मशीन बसवायचं तर आधी पाया खणतात, ड्रॉइंग काढतात, इंजिनियरची सही घेतात. इथं नऊ टन झोपलेल्या लेकरांच्या डोक्यावर होते आणि ते कुणीही कधीही मोजले नव्हते.

आता ती माती आठ इंचांवर आणायची, खाली प्लास्टिकचा कागद पसरायचा म्हणजे गळणार नाही आणि दरवर्षी नवा थर लागणार नाही. बळकटीकरणातलं सर्वांत स्वस्त काम हेच. मजुरी तेवढी लागते. एका खोलीमागं सहा टन ओझं उतरतं.

पुढच्या घराशी गवंडी भिंतीला भोकं पाडतोय. थांबा इथं, हे जवळून बघण्यासारखं आहे. तो घण वापरत नाही. घणाचा दणका बसला तर भिंतच ढासळायची. पहारीच्या टोकानं एकेक दगड हलवत, मधली माती बोटांनी ओढत तो बाहेरच्या फळीतला एक दगड सोडवतो. मग हात आत घालून भराव काढतो, खांद्यापर्यंत हात भिंतीत. आतून त्याचा जोडीदार तसंच करतोय. थोड्या वेळानं भिंतीच्या पोटात दोघांचे हात एकमेकांना लागतात आणि दोघंही हसतात. भोक आरपार झालं. त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई ठेवायची आणि कालवलेलं काँक्रीट हातानं ठासून भरायचं. ते सुकलं की भिंतीत एक आरपार दगड तयार. असे दर तीन-चार फुटांवर, ओळीआड ओळ सरकवून. जो दगड बांधणाऱ्यानं शंभर वर्षांपूर्वी घालायला हवा होता तो आज घातला जातोय, भिंत न पाडता. ही रीत मराठवाड्यात राजेंद्र आणि रूपल देसाई या अभियंता-वास्तुविशारद दांपत्यानं गावोगाव दाखवून दिली.

घरावरून पुढं जा आणि मागं वळून बघा. काळ्या दगडांत राखाडी ठिपके दिसतात. आता गल्लीतून चालताना तुम्हाला कुणाला काही विचारावं लागणार नाही. ज्या भिंतीवर राखाडी ठिपके आहेत ती बांधली गेली. जिच्यावर नाहीत, ती अजून दोन भिंतीच आहे.

ठिपक्यांच्या वर, छताखाली, एक पट्टा धावतो. तिथला गिलावा खरवडून लोखंडी जाळी खिळ्यांनी ठोकलेली, तिच्यात सळया, वर सिमेंटचा गिलावा. हा पट्टा घराला चारी बाजूंनी आवळून धरतो, म्हणजे कोपरे एकमेकांपासून सुटत नाहीत. खरी मेख कोपऱ्यावर असते. जाळी कोपऱ्यावरून वळून दुसऱ्या भिंतीवर गेली पाहिजे. तिथंच ती तोडली आणि दुसरा तुकडा नव्यानं सुरू केला की पट्ट्याला अर्थ उरत नाही, आणि वर गिलावा झाला की ते दिसतही नाही. म्हणून गिलाव्याच्या आधी चालायचं. जाळी उघडी असते त्या एक-दोन दिवसांत.

या गावात असं चालणारी एक बाई आहे. तिच्या हातात वही आहे, डोक्यावरचा पदर नीट आहे आणि ती सरळ चालू बांधकामात शिरते. ती संवाद सहायक. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेनं महिला मंडळांमधून अशा बाया बाराशेच्या आसपास गावांत उभ्या केल्या. लाभार्थ्यांची यादी ग्रामसभेत मोठ्यानं वाचून घ्यायची, दुरुस्तीच्या पैशांचा हप्ता कुणाचा अडला ते कळवायचं, आणि काम नीट होतंय का ते स्वतः बघायचं, असं यांचं काम.

ती तुम्हाला नवखं समजून विचारते, “कुठनं आलाव दादा?”

“बंगळुरूहून. गाव हेच.”

“मग तुमच्या घराचा हप्ता उचलला का?”

“भावानं उचलला.”

“उचलला, पण पाणी कुणी मारंना गेलंय.” ती तुम्हाला तुमच्याच घरी घेऊन जाते. भिंतीतल्या एका राखाडी ठिपक्यावर पालथा हात ठेवते. “बघा हात लावून. पाणी मारलंय म्हणतेत सगळे. हात लावला की कळतंय.”

तुम्ही हात लावता. कोरडं आहे, कोमट आहे.

“उन्हाळ्यात प्यायला पाणी न्हाई, भिंतीला कुठलं, असं म्हणतेत गडीमाणसं,” ती म्हणते. “खरं हाय. पर आणतंय कोण पाणी? आम्हीच. मग सांगायचं बी आम्हीच. पोतं ओलं करून बांधा ठिपक्यावर, कमी पाण्यात भागतंय.”

हे तिला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही. दोन हंड्यांत घर चालवणाऱ्या बाईला पाणी वाचवायची युक्ती सुचते. पुढं २००१ साली कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बाया तिकडं गेल्या आणि तिथल्या बायांना त्यांनी आपला अनुभव सांगितला. सरकारी अहवालात याला लोकसहभाग म्हणतात. मला तो शब्द फार पातळ वाटतो. ही तंत्राची देवाणघेवाण होती, आणि ती चूल सांभाळणाऱ्या हातांनी केली.

तुमच्या घरी खांब आणि तुळई यांच्या सांध्यात तिरकस टेकू मारलेत. सुतारानं जुन्याच लाकडाचे तुकडे वापरलेत. ही ती तिसऱ्या घराची शिकवण: सांगाडा वाचला तर माणसं वाचतात, मग सांगाड्याचे सांधे पक्के करा. टेकू साधे आहेत, दिसायला ओबडधोबड. पण दाबून बघा, हलत नाहीत.

आता गावाच्या दुसऱ्या टोकाला चला. इथं ठिपके दिसत नाहीत, पट्टा दिसत नाही, टेकू नाहीत. प्रत्येक जुन्या घरासमोर, जिथं अंगण होतं तिथं, विटांची एक नवी खोली उभी राहिली आहे. सिमेंटचा गिलावा, वर पत्रा, नाहीतर जमलं तर स्लॅब. दुरुस्तीचे पैसे या खोलीत गेले. मागचं दगडी घर जसंच्या तसं, त्याच चिरा, तेच पोट, तीच दोन फूट माती.

हे एका गावाचं चित्र नव्हे. बळकटीकरणाच्या कार्यक्रमात बहुसंख्य लोकांनी हेच केलं. हप्ता घेतला आणि जुन्या घराला हात न लावता नवी खोली बांधली. कुणी त्यांना अडाणी म्हणालं, कुणी लबाड. मी तसं म्हणणार नाही. ज्यांनी शेजारच्या गावात जाऊन दगडांखालून प्रेतं काढली, त्यांना तुम्ही सांगणार की याच दगडात काँक्रीटचे बोळे भरा आणि बिनघोर झोपा? त्यांचा दगडावरचा विश्वास उडाला होता. आणि तो उडायला मदत सगळ्यांनी केली. बावन्न गावं नव्यानं बांधताना दगड-माती बाद झाली, वीट-सिमेंट आलं. लोकांनी बघितलं आणि निष्कर्ष काढला की दगड मारतो. दगडाचा दोष नव्हता. न बांधलेल्या सांध्याचा होता, न मोजलेल्या मातीचा होता. हा फरक गावोगाव समजावायला जितकी माणसं लागली असती तितकी लावली गेली नाहीत, आणि जी लावली ती उशिरा लावली. या कार्यक्रमाचं अपयश असेल तर ते इथं आहे.

अपयश कसं दिसतं तेही चालून बघा. १९९८चा एप्रिल, भर दुपार. प्रकल्प संपत आलाय. नव्या खोलीचा पत्रा तापून आत बसवत नाही. मग सगळं घर उठून मागच्या दगडी घरात जातं, कारण तिथं गारवा आहे. आजी कोनाड्याला पाठ लावून झोपते. ज्वारीची पोती तिथंच, बाळंतीण तिथंच. नवी खोली रात्रीसाठी, भीतीसाठी. दिवस अजूनही त्याच भिंतींच्या पोटात जातो. भूकंप पहाटेच येतो असं कुणी लिहून दिलेलं नाही.

याच फेरीत वेळ काढून नव्या किल्लारीतही एक चक्कर टाका. सरळ रस्ते, काटकोनात चौक, जमिनीच्या हिशेबानं अडीचशे, चारशे नाहीतर साडेसातशे चौरस फुटांची घरं. घरं भक्कम आहेत. पण भाऊबंदांची गल्ली गेली, समोरासमोरची दारं गेली, बैल बांधायची जागा गेली. लोक आपल्या हातानं पडवी काढतायत, ओटा घालतायत, जुन्या गावातून आणलेली चौकट नव्या दाराला बसवतायत. दुरुस्ती नव्या घरांचीही चालू आहेच, ती राहणाऱ्यांच्या सोयीची.

आता पीण्याला परत या, आजच्या तारखेला.

लातूर २००२च्या नकाशात तिसऱ्या पट्ट्यात गेलं. बंगळुरू त्याच नकाशात दुसऱ्या पट्ट्यात, म्हणजे धोका कमी असलेल्या भागात. १९९३पूर्वी लातूरचंही हेच होतं. २०२१च्या ऑक्टोबरात कलबुर्गी जिल्ह्यातल्या चिंचोळी तालुक्यात, गडिकेश्वर आणि आसपासच्या गावांत धक्क्यांची मालिका लागली. लोक रात्र-रात्र बाहेर बसले, कित्येक घर सोडून गेले. तुमच्या शेडमध्ये कलबुर्गी-बिदरची पोरं आहेत. फोनवर आईशी बोलून येतात आणि मशीनवर उभी राहतात. भूकंपाचं भय या वसाहतीत बाहेरून येत नाही, ते रोज पाळीला पंच करून आत येतं.

त्याच वर्षी, डिसेंबरात, तुमच्या डोक्यावरचा तुमकुरू रस्त्याचा उड्डाणपूल बंद झाला. दोन खांबांमधल्या गाळ्यात ताण धरणाऱ्या पोलादी केबल गंजल्याचं आढळलं. फेब्रुवारी २०२२पासून हलकी वाहनं सोडली, अवजड वाहनं वर जायला २०२४चा जुलै उजाडला. एवढा काळ सगळं औद्योगिक क्षेत्र खाली अडकून पडलं होतं आणि शिव्या घालत होतं. पण थोडं थांबून विचार करा. पूल पडला नव्हता. कुणीतरी आत डोकावलं, आतला बंध कुजलाय हे बघितलं, आणि पडायच्या आधी दुरुस्ती सुरू झाली. जुन्या केबलांच्या जोडीला नव्या ओढल्या गेल्या. औसा तालुक्यातल्या त्या गल्लीत पहारीनं दगड सोडवून आत हात घालणारा गवंडी आणि हे काम, दोन्हींचं तत्त्व एकच: बाहेरून शाबूत दिसणाऱ्या गोष्टीचा आतला बंध तपासा.

म्हणून संध्याकाळी पाळी सुटली की मुख्य रस्ता सोडा आणि आतल्या गल्ल्यांतून चाला. लग्गेरे, हेग्गनहळ्ळी, राजगोपालनगर, दासरहळ्ळी. अरुंद जागेवर चार-चार मजले, खाली गाड्या लावायला नुसते खांब, भिंत एकही नाही. कुठं तळमजल्याच्या भिंती पाडून शटर बसवलंय. कुठं नळाची लाइन न्यायला खांबच छिनलाय आणि सळई उघडी पडून गंजतेय, वर रंग मात्र ताजा आहे. औद्योगिक शेडांमध्ये बघा: खांबांमधल्या फुलीच्या सळया कितीतरी ठिकाणी ट्रक आत घ्यायला अडचण होते म्हणून कापल्या गेल्यात. त्या फुल्या वाऱ्यात आणि हादऱ्यात शेड उभी ठेवतात. वरच्या मजल्यावर चढवलेल्या मशिनांचं वजन कुणी मोजलंय का, हे विचारायला तुमच्याइतका योग्य माणूस दुसरा नाही.

तुमच्याकडं दोन कामं मागतो. पहिलं इथलं. तुमच्या शेडची कापलेली फुली मालकाला दाखवा, आणि जिथं भाड्यानं राहता त्या इमारतीच्या तळमजल्याचे खांब एकदा टॉर्च घेऊन बघा. चिरलेला, सळई दिसणारा खांब आढळला तर गिलाव्यावर समाधान मानू नका, स्ट्रक्चरल इंजिनियर बोलवायला लावा.

दुसरं गावचं. औसा, निलंगा, उमरगा, लोहारा, तुळजापूर, अक्कलकोट, आळंद, बसवकल्याण, कुठलंही असो. या भागात दगड-मातीची कितीतरी घरं अजून उभी आहेत आणि त्यांत माणसं राहतात. पुढच्या सुट्टीत जाल तेव्हा घराभोवती एक फेरी मारा. कोपऱ्यात उभी चीर आहे का, भिंतीला पोट आहे का, राखाडी ठिपके आहेत का, माळवदावर किती माती आहे. ठिपके नसतील तर गवंडी बोलवा. दुरुस्ती आणि बळकटीकरणाचं सगळं तंत्र भारतीय मानक १३९३५ मध्ये आकृत्यांसह दिलेलं आहे, ते इंजिनियरला दाखवा. पैसे नसतील तर निदान माळवदावरची माती या उन्हाळ्यात उतरवा. त्याला घमेलं, कुदळ आणि घरची चार माणसं पुरतात.